फलनाची खूण आणि आलेखाचे स्थलांतर

बीजगणिताच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास अंकांपेक्षा अक्षरांचे भय अधिक वाटते. त्यातही फ(क्ष) ही खूण पुढे आली म्हणजे पुष्कळ विद्यार्थी 'फ ला क्ष ने गुणावयाचे' असा तिचा अर्थ लावतात. येथे वाट चुकली म्हणजे पुढील सर्व वर्गांत गणित हे पाठ करावयाचे ओझे होऊन बसते. म्हणून या एका खुणेचा व तिच्या आलेखाचा विचार आपण स्वस्थपणे करू.

अक्षरांनी गणित करणे आपल्या देशास नवे नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीस यावत्तावत् म्हणत व पुढील राशींस काळक, नीळक, पीतक अशी रंगांची नावे देत. पुढे सन १६३७ त देकार्त या फ्रेंच पंडिताने भूमिती व बीजगणित यांची सांगड घातली. आणि सन १७३४ च्या सुमारास ऑयलर या गणितज्ञाने फलनाची ही कंसयुक्त खूण प्रचारात आणली.

फलन म्हणजे नियम. कंसात एक संख्या घालावी आणि नियमाप्रमाणे एकच निश्चित संख्या बाहेर यावी, इतकाच त्याचा अर्थ. शालिवाहन शकाचे उदाहरण घेऊ. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो; म्हणून फ(क्ष) = क्ष + ७८. (जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, तो भेद येथे सोडून देऊ.) भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा; फ(१०३६) = १११४. त्यांचा सिद्धांतशिरोमणि शके १०७२ त पूर्ण झाला; फ(१०७२) = ११५०. येथे फ ही संख्या नव्हे, तर ती '७८ मिळवा' ही आज्ञा होय, आणि आज्ञेस कोणी गुणीत नाही.

नियम सूत्रानेच सांगितला पाहिजे असे नाही, कोष्टकानेही चालते. सन १९०० च्या सुमारास जालना हे गाव लोहमार्गाने मनमाडशी जोडले गेले. कल्पना करा की, एक गाडी सकाळी ६ वाजता जालन्याहून मनमाडकडे निघाली. पहिल्या तासाअखेर ती १५ मैल गेली, दुसऱ्या तासाअखेर ३५ मैल, आणि वाटेत थांबल्यामुळे तिसऱ्या तासाअखेर ४० मैलच. निघाल्यापासूनचे तास क्ष मानले तर फ(१) = १५, फ(२) = ३५, फ(३) = ४०. आडव्या अक्षावर तास व उभ्या अक्षावर मैल मांडून बिंदू जोडले की आलेख तयार होतो. गाडी जोरात असेल तेथे रेषा चढी, आणि थांबेल तेथे आडवी.

आता विद्यार्थ्यांस नेहमी अडणारा प्रश्न पाहू. फ(क्ष − २) यात २ वजा केले असता आलेख डावीकडे न जाता उजवीकडे का सरकतो? समजा, दुसरी गाडी दोन तास उशिरा, ८ वाजता सुटली आणि पहिलीप्रमाणेच हुबेहूब चालली. ९ वाजता, म्हणजे क्ष = ३ असता, ती कोठे असेल? पहिली दोन तासांपूर्वी जेथे होती तेथे; म्हणजे फ(३ − २) = फ(१) = १५ मैलांवर. दुसरीचा प्रत्येक प्रसंग दोन तास मागाहून घडतो. घड्याळात मागाहून म्हणजे कागदावर उजवीकडे. म्हणून आलेख उजवीकडे गेला. त्याच न्यायाने फ(क्ष + २) म्हणजे दोन तास आधी सुटलेली गाडी, व तिचा आलेख डावीकडे.

याउलट फ(क्ष) + २ यात बदल कंसाबाहेर आहे. वेळ तीच, मात्र अंतर सर्वत्र दोन मैलांनी जास्त. म्हणून आलेख सरळ वर उचलला जातो. २ × फ(क्ष) मध्ये प्रत्येक उंची दुप्पट होते. फ(२ × क्ष) मध्ये तोच प्रवास निम्म्या वेळात उरकतो, म्हणून आलेख उभ्या अक्षाकडे आकसतो. आणि − फ(क्ष) म्हणजे आडव्या अक्षाच्या आरशात दिसणारे प्रतिबिंब. सारांश, कंसाच्या आतील बदल आडव्या दिशेने लागू होतो व बाहेरील बदल उभ्या दिशेने.

आत व बाहेर हा भेद व्यवहारातही पैशांचा प्रश्न होतो. जालना हैदराबाद संस्थानात असताना येथे हाली सिक्का चाले, आणि ६ कलदार रुपयांस सुमारे ७ हाली रुपये मिळत. म्हणजे फ(क्ष) = क्ष × ७ ÷ ६. समजा, एखाद्याने ६० कलदार बदलावयास नेले व सराफाने ६ रुपये कापले. आधी ६ कलदार कापून मग बदलले, तर फ(६० − ६) = फ(५४) = ६३ हाली हाती येतील. आधी बदलून मग ६ हाली कापले, तर फ(६०) − ६ = ७० − ६ = ६४ येतील. कंसाची जागा बदलली की एक रुपया इकडचा तिकडे होतो! सन १९४८ त संस्थान भारतात विलीन झाले आणि कालांतराने हाली सिक्काही चलनातून गेला. पण हा धडा जुना झालेला नाही.

विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरणे आलेख काढून सोडवावीत.

(१) फ(क्ष) = क्ष × क्ष याचा आलेख काढा. त्याचा सर्वांत खालचा बिंदू मध्यबिंदूवर येतो. फ(क्ष + ३) चा तोच बिंदू कोठे जाईल?

(२) त्याच फलनाच्या फ(क्ष − २) + ५ चा सर्वांत खालचा बिंदू कोणता?

(३) सन १९५० वरून शक काढावयाचा असल्यास नियम कसा उलटावा लागेल?

उत्तरे अनुक्रमे अशी: तीन घरे डावीकडे, दोन घरे उजवीकडे व पाच वर, ७८ वजा करून शके १८७२.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलाने नियम तोंडपाठ म्हणून दाखविला की समाधान मानू नये. 'दोन वजा केले, मग उजवीकडे का?' एवढेच विचारावे. स्वतःस बीजगणित येत नसले तरी हरकत नाही. गाडीचा उशीर कोणास समजत नाही? मुलाने आपल्या शब्दांत कारण सांगितले, तर ती विद्या त्याची झाली असे समजावे. आणि ते सांगता आले नाही, तर कागद, पेन्सिल व फूटपट्टी घेऊन पुन्हा पहिल्या बिंदूपासून आरंभ करावयास त्यास प्रेमाने सांगावे.