बॅटरीतला कार्बन आणि भट्टीतला कोळसा

टॉर्चचा जुना सेल फोडला की मध्ये काळी कांडी आणि भोवती काळी भुकटी निघते. कांडी कार्बनची, भुकटी मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची. मँगनीज डायऑक्साइडमधून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात कार्बन मिसळतात. ही सेलची प्लस बाजू, तिलाच कॅथोड म्हणतात.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतही अडचण तीच आहे. ई-रिक्षा आणि सोलर इन्व्हर्टरला लागणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत फॉस्फेटच्या कणांवर कार्बनचा पातळ थर चढवावा लागतो.

पुढची उडी गंधकाची आहे. तेल शुद्ध करताना रिफायनरीत गंधक निघते, त्यामुळे ते स्वस्त आहे. हिशेबाने एक ग्रॅम फॉस्फेट सुमारे १७० मिलिअँपिअर-तास साठवते, तर गंधक १६७५. पण गंधकातून वीज वाहत नाही, लिथियम घेताना ते सुमारे ८० टक्के फुगते आणि त्याची संयुगे बॅटरीच्या द्रवात विरघळून निसटतात. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने २००९ मध्ये सच्छिद्र कार्बनच्या अतिसूक्ष्म छिद्रांत वितळलेले गंधक भरले. कार्बनने वीज वाहून नेली, गंधक धरून ठेवले आणि फुगायला जागाही दिली. तरी अशा बॅटऱ्या अजून आपल्या बाजारात सर्रास मिळत नाहीत.

येडशी-बार्शी भागात कोळशाचा धंदा करणारे बांधव विचारतील, आमचा कोळसा चालेल का? जसाच्या तसा मुळीच नाही. त्यात राख असते आणि राखेतले लोह बॅटरीला बाधते. छिद्रेही कमी असतात. ८०० ते ९०० अंशांवर वाफ सोडून ती वाढवतात, मग आम्लाने धुऊन राख काढतात. अशा एका ग्रॅम कार्बनच्या छिद्रांची आतली जागा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरते! नारळाच्या करवंटीत राख कमी, म्हणून कारखानदार तिला पसंती देतात.

"बॅटरीचा कोळसा बनवा, माल आम्ही उचलू" असे सांगून कोणी यंत्र विकू लागला, तर आधी खरेदीदाराची लेखी मागणी पाहावी. पाणी गाळण्यासाठी व साखरेचा रंग काढण्यासाठी सक्रिय कार्बनला आजही गिऱ्हाईक आहे; तेथेही आयोडीन नंबर, राख आणि ओलावा विचारतात. कर्ज काढण्यापूर्वी आपल्या कोळशाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन हे तीन आकडे लेखी घ्यावेत.