गच्चीवरून अंतराळ स्थानक: खर्च किती?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पाहायला एक पैसाही लागत नाही. दुर्बीण नको, शहराबाहेर जायला नको. मुंबई-पुण्याच्या झगमगाटातही ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पैसे लागतात ते पुढच्या हौसेला, आणि तिथे बरेचदा भलत्याच वस्तूवर खर्च होतो. म्हणून आधी फुकटातलं पाहून घ्या.

शून्य रुपये: वेळापत्रक
‘हेवन्स-अबव्ह’ ही वेबसाइट उघडा किंवा नासाचं ‘स्पॉट द स्टेशन’ अॅप घ्या आणि आपलं गाव निवडा. स्थानक कधी, कुठून कुठे जाणार याचा तक्ता समोर येतो. समजा, त्यात असं आहे: १९:१२, १०°, नैऋत्य, १९:१५, ६८°, वायव्य, १९:१६, ३५°, ईशान्य. म्हणजे सात वाजून बारा मिनिटांनी नैऋत्येला खाली ठिपका दिसेल, तीन मिनिटांत बराच वर चढेल आणि ईशान्येकडे उतरताना मध्येच विझेल, कारण तिथे तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण १०° होतात. ३५° म्हणजे साडेतीन मुठी.

फेरी निवडताना दोन आकडे बघा. कमाल उंची ४०°च्या वर हवी, नाहीतर समोरची इमारत आड येते. मॅग्निट्यूड उणे जितकं मोठं तितकं तेज जास्त. -३ मिळालं तर ती फेरी चुकवू नका. लुकलुकणारे दिवे दिसले तर ते विमान. स्थानकाला सूर्याचाच उजेड, त्यामुळे ते बहुतेक सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधीच्या दीड-दोन तासांत दिसतं. वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर, म्हणून सगळा खेळ पाच-सहा मिनिटांत आटोपतो. गच्चीची किल्ली वॉचमनकडून आधीच मागून ठेवा.

अशा इतर अॅपच्या पैसे भरायच्या आवृत्त्यांची सुरुवातीला गरज नाही.

दहा-वीस रुपये: लाल कागद
स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटीन पेपर आणून टॉर्चवर रबराने बसवा. अंधाराला सरावलेले डोळे त्याने दिपत नाहीत.

यानंतर हबल हा दुर्बीण वाहणारा उपग्रह शोधा. त्याची कक्षा विषुववृत्ताशी २८.५° कललेली असल्याने तो महाराष्ट्र-गोव्यावरून चांगला उंच जातो. लंडनमधून तो दिसतच नाही. तेज साधारण ध्रुवताऱ्याएवढं, त्यामुळे दिव्यांपासून जरा लांब जा.

४ ते १२ हजार: द्विनेत्री
मंद उपग्रहांसाठी ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री घ्या. किंमत ब्रँडप्रमाणे बदलते. दुकानात लांबची पाटी दोन्ही डोळ्यांनी पाहा. अक्षरं दुहेरी दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला तर ती परत ठेवा. उपग्रह नसले तेव्हा चंद्राची विवरं आणि कृत्तिका बघायलाही ती उपयोगी पडते.

इथे पैसे घालू नका
‘६७५ पट मोठं दिसेल’ असं खोक्यावर लिहिलेली दोन-तीन हजारांची दुर्बीण उपग्रहांसाठी निरुपयोगी. तिच्यातून आकाशाचा तुकडा इवलासा दिसतो, स्टँड डगमगतो आणि धावता ठिपका हाती लागत नाही. फोटोच हवा असेल तर मोबाइलचा ५०० ते १,५०० रुपयांचा ट्रायपॉड घ्या आणि प्रो मोडमध्ये १०-१५ सेकंदांचं एक्स्पोजर ठेवा. स्थानकाची रेघ उमटते.

कधी सुरू करावं?
जून ते सप्टेंबर ढगांचे. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५च्या जून-जुलैत स्थानकावर होते, पण आपल्याकडे तेव्हा ऐन पावसाळा होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

काही विकत घेण्याआधी मुंबईच्या खगोल मंडळाच्या किंवा पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन या. शुल्क आधी विचारून घ्या. तिथे वेगवेगळ्या दुर्बिणींतून पाहायला मिळालं, की आपल्याला नेमकी कोणती हवी आणि हवी की नाही, हे दुकानदाराला विचारावं लागणार नाही.