स्वयंचलित गिअरबॉक्स का बिघडतो?

बालाघाटहून बैहरकडे घाट चढताना चालकास वारंवार गिअर बदलावा लागतो. स्वयंचलित मोटारीत हे काम गिअरबॉक्सच करतो. तेलाच्या दाबाने आतील क्लच आवळले वा सैल होतात आणि गिअर पालटतो. १९३९ साली निघालेल्या अशा गिअरबॉक्सात चार गिअर होते. २००६ साली मोटारीत आठ आले. अधिक गिअरांमुळे इंधन वाचते, परंतु रचना गुंतागुंतीची होते.

तेच तेल वंगण पुरविते व उष्णताही वाहून नेते. अति तापल्याने त्याचा कस जातो, क्लचच्या झिजेने ते मलिन होते. मग बारीक झडपा अडकतात आणि गिअर झटक्याने पडतो. म्हणून हे तेल आयुष्यभर टिकते, असे मानू नये. यंत्र स्वयंचलित असले, तरी त्याची निगा आपोआप राखली जात नाही!