गिटारच्या पट्टीवर जडावकाम : जुना हुनर, छोटे यंत्र

मिरजेची सतार देशभर नावाजलेली आहे. हत्यारांना धार लावण्याचा पिढीजात धंदा मंदावल्यावर तेथील शिकलगार घराणी १८५० च्या सुमारास तंतुवाद्यांकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यात अग्रक्रमाने घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीवरील नक्षीत पूर्वी हस्तिदंत वापरला जाई. १९८६ व १९९१ च्या कायदेदुरुस्तीने त्याचा व्यापार बंद झाला, तेव्हा कारागिरांनी सेल्युलॉइड व ॲक्रिलिक जवळ केले. माल बदलला, हुनर टिकला. हाच हुनर आता गिटारच्या कामी कसा येईल ते पाहू.

गिटारच्या गळ्यावर जी लाकडी पट्टी असते तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. तीत धातूचे पडदे बसवितात आणि खुणेसाठी शिंपल्याचे ठिपके, वेल किंवा नावे जडवितात. या पट्टीसाठी आपल्याकडील शिसवीला जगभर मागणी आहे. हे काम टेबलावर मावणाऱ्या सी.एन.सी. यंत्रावर होते. जकार्डच्या मागावर पुठ्ठ्याची भोके जसे ताण्याचे धागे उचलतात, तशा येथे संगणकातील रेघा पाते फिरवितात.

कामाची पद्धत

१) पडद्यांची मापे : तारेची लांबी १७.८१७ ने भागावी. ६४८ मि.मी. लांबीला पहिला पडदा ३६.३७ मि.मी. वर येतो. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागत जावे. बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, म्हणजे ३२४ मि.मी. वर आला पाहिजे. नाही आला तर हिशोब चुकला. येथे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कानाला कळतो.

२) नक्षी : पाते गोल फिरते, म्हणून खाचेचा आतला कोपरा पात्याच्या त्रिज्येपेक्षा टोकदार होत नाही. १ मि.मी. चे पाते असेल तर कोपरे तेवढे गोल ठेवा किंवा बारीक पटाशीने हाताने काढा.

३) खाच : शिंपल्याचा तुकडा १.५ मि.मी. जाड असेल तर खाच १.३ मि.मी. ठेवावी. वर राहिलेला भाग नंतर घासून सपाट करता येतो. पट्टीला गोलाई द्यायची असेल तर कडेला लाकूड जास्त घासले जाते, म्हणून तेथे खाच तेवढी खोल घ्यावी. चारी बाजूंनी केसाएवढी मोकळीक सोडावी. पहिला प्रयोग टाकाऊ लाकडावरच करावा.

४) चिकटविणे : इपॉक्सीत त्याच लाकडाचा बारीक भुसा मिसळावा, म्हणजे फट दिसत नाही. पूर्ण सुकल्यावरच घासावे.

५) जपणूक : शिंपल्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. चांगला मास्क लावावा, धूळ ओढणारा पंखा ठेवावा आणि हाताने घासताना पाणी वापरावे.

हिशोब

पुष्कळ कारागीर फक्त लाकूड व मजुरी धरतात आणि यंत्राची झीज विसरतात. समजा, यंत्र १ लाखाचे असून ते २००० तास चालेल. मग तासाला ५० रुपये नुसती झीज झाली. एका पट्टीला तीन तास लागले तर हात लावण्याआधीच १५० रुपये खर्ची पडले. वीज, तुटणारी पाती व घासण्याची मजुरी त्यावर वेगळी. नक्षी काढण्याचे पैसे निराळे लावावेत. ती एकदाच काढावी लागते, पण कामाची खरी किंमत तीच ठरविते.

पनवेल-उरणच्या कारागिराला न्हावा-शेवा बंदर जवळ आहे. परंतु शिसवीच्या परदेशी व्यापारावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत. तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. म्हणून लाकडाची पावती जपावी व माल पाठविण्यापूर्वी जाणकार एजंटाकडून कागद तपासून घ्यावेत.

यंत्र विकत घेणारे पुष्कळ निघतील आणि खाच सर्वांचीच सारखी पडेल. फरक पडेल तो नक्षीत आणि शेवटच्या घासणीत. कापडाच्या धंद्यातही माग अनेकांकडे असतो, पण भाव डिझाईनवाल्याला मिळतो. म्हणून घरातील मुलाने संगणक जरूर शिकावा. मात्र पटाशी व कानस धरण्याचे शिक्षण त्याने घरच्या वडीलधाऱ्यांकडून आधी घ्यावे. ते शिक्षण यंत्राबरोबर विकत मिळत नाही.