वाचनालयाची वेबसाइट : सॉफ्टवेअर मोफत, काळजी आपली



शाळेच्या वाचनालयाची वेबसाइट करायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "खर्च किती?" वर्डप्रेस (२००३) हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याला परवाना शुल्क नाही. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे मात्र दरवर्षी भरावे लागतात.

वर्डप्रेसवर नवीन पुस्तकांची यादी, वाचनालयाची वेळ, मुलांनी लिहिलेले पुस्तक-परिचय छान मांडता येतात. पण कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, ही देवघेव सांभाळायला 'कोहा' हे वेगळं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालं आणि २००० साली वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

भेट मिळाली तरी ती जपावी लागतेच. आमच्या शाळेत एका सरांनी हौसेने साइट केली. त्यांची बदली झाली, पासवर्ड त्यांच्याच वहीत राहिला. पुढच्या वर्षी होस्टिंगचे पैसे कोणी भरलेच नाहीत. मुलांचं सगळं लिखाण गेलं. बॅकअप नव्हता!

म्हणून एवढं करा :

१. खातं शाळेच्या ईमेलवर काढा, लॉगिन दोघांकडे ठेवा.
२. अपडेट आलं की आधी बॅकअप घ्या, मग अपडेट करा.
३. मुलांची पूर्ण नावं, फोटो टाकू नका.

पालकहो, तुमच्यापैकी कोणाला संगणकाची आवड असेल तर दुसरं लॉगिन तुम्ही सांभाळाल का? शिक्षकांची बदली होते, वाचनालय तिथंच राहतं.