डिझाइनकडे वळताय? नोकरी सोडण्याआधी हा हिशेब मांडा

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात किंवा मिहानमधल्या आयटी कंपनीत तीन-चार वर्षं काढलेली मुलं-मुली घरी सांगतात, ‘मला यूएक्स डिझाइन शिकायचंय,’ म्हणजे अ‍ॅप आणि वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या ते. आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. शिक्षणावर खर्च झाला, नोकरी लागली, आता कुठे घडी बसत होती. क्षेत्र बदलण्यात गैर काहीच नाही आणि पालकांची काळजीही अनाठायी नाही. अडचण वेगळीच आहे. घरात चर्चा होते ती बूटकॅम्पच्या फीची. पगाराशिवाय किती महिने काढावे लागतील, हे मात्र कुणी मांडत नाही आणि घराची ओढाताण होते ती त्याच महिन्यांत.

दिवस कसा जातो?

बूटकॅम्प म्हणजे एकाच कौशल्यावर भर देणारा काही महिन्यांचा कोर्स. नागपुरात राहून करायचा तर तो बहुतेकदा ऑनलाइन असतो. आठवड्यातून काही दिवस रात्रीचे वर्ग आणि शनिवार-रविवारी मोठी सत्रं. वर्गापेक्षा गृहपाठ जास्त. नोकरी सांभाळून आठवड्याला पंधरा-वीस तास द्यायची तयारी हवी.

काम कसं असतं ते पाहा. समजा, काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना कळमना बाजारातले भाव दाखवणारं अ‍ॅप करायचं आहे. विद्यार्थी आधी पाच-सहा शेतकऱ्यांशी बोलतो, त्यांची रोजची अडचण समजून घेतो. मग पेन्सिलीनं कागदावर स्क्रीन आखतो आणि नंतर फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नमुना तयार करतो. तो नमुना घेऊन बागेत गेल्यावर कळतं, की लॅपटॉपवर देखणी दिसणारी फिकट राखाडी अक्षरं भर उन्हात दिसतच नाहीत. घरी येऊन सगळं पुन्हा करायचं. वर्गात मेंटॉर विचारतात, ‘हे बटण इथेच का?’ ‘छान दिसतं म्हणून’ हे उत्तर चालत नाही. ‘सहापैकी चार जणांचं बोट आधी इथे गेलं’ हे उत्तर चालतं. या फेरकामाचा ज्याला कंटाळा येत नाही, त्यानं या क्षेत्राचा जरूर विचार करावा.

घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा अभ्यास अभ्यासिकेत बसून होत नाही, कारण वर्गात सतत बोलावं लागतं. दार लावता येईल अशी खोली, भरवशाचं इंटरनेट आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की कूलरची सोय, एवढं घरानं दिलं तरी मोठा आधार होतो.

खरा खर्च किती?

फी काही हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत असू शकते. खासगी कोर्सच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. जाहिरातीतल्या आकड्यात तो धरलाय का, हे आधी विचारा. उदाहरणादाखल १,२०,००० रुपये फी धरू. जीएसटीसह ती १,४१,६०० रुपये होते. लॅपटॉप घ्यावा लागला तर साधारण ५५,००० रुपये. फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं आणि सुरुवातीला त्याची मोफत आवृत्ती पुरते, त्यामुळे सॉफ्टवेअरवर खर्च नको. एकूण १,९६,६०० रुपये.

आता दुसरी बाजू. पगार २५,००० रुपये आहे आणि नोकरी सोडली. सहा महिने कोर्स आणि चार महिने नव्या नोकरीचा शोध धरला, तर बुडालेला पगारच २,५०,००० रुपये, म्हणजे फीपेक्षा कितीतरी जास्त. पुण्यात राहून शिकायचं ठरवलं तर राहणं, मेस, प्रवास यांचे महिन्याला पंधरा-वीस हजार आणखी. म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे. शक्य असेल तोवर नोकरी सोडू नका, रात्रीच्या वर्गाचा पर्याय निवडा.

सही करण्याआधी

‘नो-कॉस्ट ईएमआय’ हे बहुतेकदा विद्यार्थ्याच्या नावावरचं कर्जच असतं. कोर्स अर्धवट सोडला तरी हप्ते सुरू राहू शकतात आणि ते थकले की सिबिल स्कोअर घसरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देताना एकूण वार्षिक दर दाखवणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. ते मागून घ्या, पालकांसोबत बसून वाचा. फी परतीचे नियमही लेखी घ्या.

‘प्लेसमेंट’च्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अमेरिकेत ‘ब्लूमटेक’ या बूटकॅम्पवर (पूर्वीचं नाव लॅम्ब्डा स्कूल) तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोनं एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी मिळाल्याचा दावा होता. संस्थेच्या स्वतःच्या नोंदींत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली होतं. म्हणून मागच्या बॅचमधल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी स्वतः बोला. संस्थेनं निवडून दिलेल्यांशी नव्हे, लिंक्डइनवर तुम्ही शोधलेल्यांशी. आपल्याकडे फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आधी फुकटात करून पाहा

आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनशी जोडलेल्या ‘डी-सोर्स’वर डिझाइनचं साहित्य मोफत आहे, ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’वरही कोर्स मिळतात. दोन महिने ते करा आणि एक छोटा प्रकल्प पूर्ण करा. ओढ टिकली तर पुढे जा. पदवी हवी असेल तर ‘सीड’ परीक्षा देऊन एम.डेस. या पदव्युत्तर पदवीचा दोन वर्षांचा मार्गही आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ही परीक्षा देता येते आणि वयाची अट नाही.

पालकांना कळकळीची विनंती आहे. ‘नाही’ म्हणून विषय बंद करू नका आणि हट्टापायी कर्जाच्या कागदावर सहीही करू नका. एकत्र बसून तीन गोष्टी लिहून काढा : जास्तीत जास्त किती पैसे, किती महिने आणि त्या मुदतीत किती प्रकल्प पूर्ण व्हायला हवेत. या क्षेत्रात मुलाखत घेणारा प्रमाणपत्राआधी पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचा संग्रह, उघडतो. मुदत संपली की तुम्हीही तोच उघडायला सांगा आणि पुढचा निर्णय त्यातलं काम पाहून घ्या.