तव्यावरचा विलायती पाव आणि आपले पथ्य

घरात कोणी आजारी पडले की ‘हलके काहीतरी’ म्हणून पाव किंवा टोस्ट आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मधुमेहाचे कितीतरी रुग्ण मला मोठ्या समाधानाने सांगतात, “डॉक्टर, रात्रीची पोळी बंद केली. आता नुसते दूध-पाव घेतो.” पोळी सोडली म्हणजे पथ्य पाळले, ही समजूत चुकीची आहे. पाव हाही गव्हाचाच असतो, आणि तोही बहुधा मैद्याचा. मैद्यात कोंडा नसतो, त्यामुळे तंतुमय भाग फारच थोडा उरतो आणि रक्तातील साखर लवकर चढते. शिवाय पावात मीठ असते. ते जिभेला जाणवत नाही, पण रक्तदाबाच्या रुग्णाला ते मोजावेच लागते.

मग पाव खाऊच नये काय? तसे नाही. आपण काय व किती खातो हे माहीत असावे. त्यासाठी तो घरी करणे उत्तम. घरी भट्टी नसली तरी हरकत नाही, कारण इंग्लिश मफिन हा पाव तव्यावरच होतो.

आपल्या बेकरीत कागदी वाटीत मिळणारा गोड मफिन वेगळा, तो केकचाच प्रकार. इंग्लंडमधला मफिन म्हणजे यीस्टने फुगवलेला, गोड नसलेला, चपटा गोल पाव. हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात त्याची कृती आहे. लंडनचे फेरीवाले घंटा वाजवीत तो दारोदार विकत. सॅम्युअल बाथ थॉमस हा इंग्रज १८७४ साली अमेरिकेत गेला. १८८० साली त्याने न्यूयॉर्कमध्ये बेकरी काढली आणि तिकडे हा पाव लोकप्रिय केला.

साहित्य (८ नगांसाठी) : कणीक २०० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, दूध व पाणी मिळून सुमारे ३०० मिलिलिटर, सुके यीस्ट व साखर प्रत्येकी १ लहान चमचा, मीठ पाऊण लहान चमचा, तेल १ चमचा, लावण्यासाठी रवा.

कृती : दूध-पाणी कोमट करून त्यात साखर व यीस्ट घालावे. ते कढत नसावे, नाहीतर यीस्ट मरते. दहा मिनिटांत फेस आला नाही तर यीस्ट निकामी समजावे. मग पीठ, मीठ व तेल घालून दहा मिनिटे चांगले मळावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवे. ते झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवावे. उन्हाळ्यात तासाभरात फुगते, थंडीत दोन तासही लागतात. नंतर आठ गोळे करून, रव्यावर बोटभर जाडीचे थापून अर्धा तास झाकून ठेवावेत. जाड तवा मंद आचेवर तापवून, तेल न लावता, झाकण ठेवून प्रत्येक बाजू सात-आठ मिनिटे भाजावी. कड दाबल्यावर पुन्हा वर आली की झाले. आच मोठी केल्यास वरून करपते व आत कच्चे राहते. निवल्यावर सुरीने न कापता कडेने काट्याने टोचत दोन भाग करावेत आणि आतली बाजू शेकून खावी.

आता पथ्याचा हिशेब. एका मफिनात सुमारे ५० ग्रॅम पीठ जाते, म्हणजे जवळजवळ दोन मध्यम पोळ्या. मधुमेह्याने एक मफिन खाल्ला तर पानातल्या दोन पोळ्या कमी कराव्यात, आणि सोबत जॅमऐवजी उसळ, अंडे किंवा दही घ्यावे. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण टाळू नये, साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

एका नगात मीठ साधारण अर्धा ग्रॅम येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. यीस्ट मिळाले नाही म्हणून खाण्याचा सोडा भरमसाट घालू नये. एक लहान चमचा सोड्यातून सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम जाते. पाच ग्रॅम मिठात ते दोन ग्रॅम असते, यावरून काय ते समजावे.

यीस्ट मांसाहारी आहे काय, असेही लोक विचारतात. ती अतिसूक्ष्म बुरशी आहे, प्राणिज पदार्थ नव्हे, आणि भाजताना ती मरते. ज्यांना गव्हातील ग्लुटेन सोसत नाही त्यांनी मात्र हा पाव खाऊ नये.

विकतचा ‘ब्राऊन’ ब्रेड घेताना रंगावर भुलू नये. वेष्टनावरील घटकांत पहिले नाव मैद्याचे असेल तर तो मुख्यतः मैद्याचाच पाव. पाव हलका दिसतो तो आतल्या हवेमुळे. पोटात जाते ते पीठच, आणि मोजायचे तेही पीठच.